एका आवारातल्या अनेक हवा

मुळशी तालुक्यातल्या पौडच्या किंवा पिरंगुटच्या एखाद्या शाळेच्या अंगणात उभं राहून मोबाइलवर हवामान पाहिलं, तर तापमानाच्या खाली आर्द्रतेचा एक आकडा दिसतो. समजा तो ५८ टक्के आहे. हा आकडा त्या अंगणाचा नसतो. दूरदूरच्या केंद्रांवरच्या नोंदी, उपग्रहाकडून आलेली माहिती आणि काही किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी धरून संगणकानं केलेलं गणित यांतून तो निघालेला असतो. मोठ्या प्रदेशाच्या अंदाजासाठी तो उपयोगाचाच आहे. पण त्याच क्षणी पत्र्याखालच्या वर्गात, खिचडी शिजते त्या खोलीत, आंब्याच्या सावलीत आणि टाकीच्या नळाशी साचलेल्या ओलीजवळ हवा वेगवेगळी असते. त्या चार जागांचे चार आकडे हवे असतील तर तिथं जाऊनच मोजावं लागतं. शाळेच्या आवारातली सापेक्ष आर्द्रता मुलांनी स्वतः मोजावी, या उपक्रमाची ही प्रस्तावना आहे. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती देण्याजोगं याहून चांगलं विज्ञान फार थोडं असेल, असं माझं मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठीच पुढचा मजकूर लिहिला आहे.

हवेत बाष्प किती राहू शकतं हे तापमानावर ठरतं. २० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प राहतं, ३० अंशांना ३०.४ ग्रॅम. दहा अंश वाढले की क्षमता जवळजवळ पावणेदोन पट होते. हवेत प्रत्यक्ष असलेलं बाष्प या क्षमतेच्या किती टक्के आहे, ती सापेक्ष आर्द्रता. व्याख्या एवढीच. आठवीच्या भूगोलात ‘आर्द्रता व ढग’ हा पाठ आहे, दहावीच्या विज्ञानात उष्णतेच्या प्रकरणात दवबिंदू तापमान आणि आर्द्रता पुन्हा येतात. मुलं व्याख्या पाठ करतात, सूत्रात आकडे भरतात, गुण मिळवतात आणि पाठ संपतो. पण या व्याख्येत एक गोष्ट दडलेली आहे, ती फळ्यावर कळत नाही. जानेवारीतली मुळशीतली एक सकाळ घेऊ. तापमान १२ अंश, आर्द्रता ९० टक्के, बांधावरच्या गवतावर दहिवर. दुपारी ऊन चढून पारा २९ अंशांवर गेला. दरम्यान बाष्पाचा एक कणही आला नाही की गेला नाही असं धरलं, तरी आर्द्रता ३१ टक्क्यांवर उतरते. आपण म्हणतो, हवा कोरडी झाली. पाणी तर तेवढंच आहे. बदललं ते तापमान.

म्हणून या उपक्रमाचा पहिला नियम असा की, आर्द्रतेचा आकडा एकटा लिहायचा नाही. त्याच्या शेजारी त्या जागेचं, त्या घटकेचं तापमान हवंच. ते नसेल तर ती नोंद निम्मीच राहते. हे इतकं जोर देऊन सांगायचं कारण असं. समजा एप्रिलच्या दुपारी मैदानात, यंत्रावर ऊन पडू न देता, मुलांनी मोजलं तेव्हा ३४ अंश आणि ३५ टक्के आले. मग ती आंब्याखाली गेली. तिथं ३१ अंश आणि ४६ टक्के. अकरा टक्क्यांचा फरक पाहून झाडानं हवेत ओलावा सोडला, असं मुलं लगेच म्हणतील. पण मैदानातलीच हवा नुसती ३४ वरून ३१ अंशांना थंड झाली असती, तरी आकडा ४१-४२ वर गेलाच असता. म्हणजे अकरापैकी सहा-सात टक्के सावलीच्या गारव्याचे, आणि उरलेले चार-पाच पानांनी सोडलेल्या बाष्पाचे किंवा बुंध्याच्या ओल्या मातीचे. उलट पत्र्याच्या वर्गात ३७ अंश असतील, तर तीच हवा तिथं ३० टक्क्यांच्या जवळ यायला हवी. ती ३८ आली तर? वाढीव पाणी कुठून आलं, हा प्रश्न आता उभा राहतो, आणि उत्तर वर्गातच बसलेलं असतं. थंडावा आणि ओलावा यांचा हिशेब असा वेगळा करता आला, की मूल निरीक्षणाच्या पायरीवरून विचाराच्या पायरीवर येतं. क्षमतेचं एक लहानसं कोष्टक आणि त्रैराशिक, एवढ्यावर हे जमतं.

वर्गाचं गणित मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. स्वस्थ बसलेलं माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण तीस-चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतं. चाळीस मुलं धरली तर तासाला सव्वा-दीड लिटर. सहा मीटर रुंद, साडेसात मीटर लांब आणि तीन मीटर उंच अशी खोली १३५ घनमीटरची होते. २५ अंशांना तिची सगळी हवा मिळून तीन लिटरच्या आसपास पाणी बाष्परूपात धरू शकते. म्हणजे दारं-खिडक्या पूर्ण बंद असतील तर एका तासात मुलांच्या श्वासानं खोलीची चाळीस टक्क्यांहून अधिक क्षमता भरेल. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण समोरासमोरच्या खिडक्या हवा सतत बदलत असतात. ज्यांनी शाळा बांधताना दोन्ही भिंतींना खिडक्या ठेवल्या त्यांनी काय साधलं, ते या आकड्यातून मुलांना पहिल्यांदा दिसेल. एका तासाला खिडक्या उघड्या, दुसऱ्या तासाला पावसाच्या झडीमुळे लावून घेतलेल्या, अशा दोन नोंदी घ्याव्यात. ज्या दिवशी हजेरी निम्मी असेल त्या दिवशी तिसरी.

मुळशी तालुका या कामासाठी जणू आखून दिलेला आहे. पश्चिमेला ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. २०२४ च्या जुलैत तिथं एका दिवसात पाचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. पुणे शहराची वर्षाची सरासरीच सातशे-साडेसातशे मिलिमीटर आहे, आणि या दोन टोकांमधलं अंतर एसटीच्या दीड-दोन तासांचं. ताम्हिणीहून माले, पौड, पिरंगुट, भूगाव असा रस्ता धरला की डोंगर मागं पडत जातात, पाऊस ओसरत जातो, आणि भाताची खाचरं संपून इमारती लागतात. त्याच रस्त्याच्या कडेनं मुळशीचा जलाशय पसरलेला आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ असा सत्याग्रह झाला. धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या, आणि ते पाणी आजही सह्याद्रीवरून खाली भिऱ्याला उतरून वीज करतं. पाण्याच्या एवढ्या विस्तारानं काठच्या गावांची हवा किती बदलली, हे काठच्या शाळेतल्या मुलांनी विचारावं असा प्रश्न आहे.

ऋतूंचा पल्लाही मोठा. एप्रिलच्या कोरड्या दुपारी या भागाच्या पूर्वेकडे आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, तर ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस ऐंशीच्या पुढे. पावसाळ्यात इथल्या घराघरांत या दमटपणाच्या खुणा असतात. पापड सादळतात, दाराच्या फळ्या फुगून चौकटीत अडकतात, भजनी मंडळाच्या पखवाजाचा सूर उतरतो, मिठाला पाणी सुटतं. थंडीत वेगळंच चित्र. निरभ्र रात्री डोंगरउतारांवरची गार, जड हवा खाली सरकून मुळा आणि वाळकी या नद्यांच्या खोऱ्यात साचते आणि सकाळी धुकं धरतं. टेकडीवरची वस्ती उन्हात आणि तळातली शाळा धुक्यात, हे इथल्या मुलांनी कितीदा तरी पाहिलेलं असतं. त्यांच्याकडे अनुभव आहेच. त्याला आकडा जोडायचा एवढंच बाकी आहे.

या कामाला पुण्यात मोठी परंपरा आहे. ती मुलांना सांगितली जात नाही याची मला खंत वाटते. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि समोरच्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. १९३२ मध्ये पुण्यातच कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि तो एल. ए. रामदास यांच्याकडे आला. रामदास हे सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. पिकाला हवा भेटते ती हवामान खात्याच्या तापमापकांच्या पेटीतली नव्हे, तर पानांमधली आणि जमिनीलगतची, हे त्यांनी ओळखलं, आणि कृषी महाविद्यालयाच्या रानात तिची मोजणी चालू केली. कलमकर आणि गद्रे या सहकाऱ्यांबरोबर सूक्ष्महवामानावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. जमिनीपासून वीत, हात, पुरुषभर अशा वाढत्या उंचींवर हवा कशी पालटते, आणि उघड्या रानातल्या व पिकाच्या आतल्या हवेत काय फरक असतो, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा होता.

त्याआधी, १९३२ मध्येच, रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. वारा पडलेल्या निरभ्र रात्री उघडी जमीन सगळ्यात थंड असेल आणि वर जावं तसं तापमान वाढत जाईल, अशी तोवरची समजूत होती. त्यांना सगळ्यात गार हवा सापडली ती जमिनीपासून वीतभर-हातभर उंचीवर. उपकरणाचा दोष असेल, असं जगातल्या अनेक तज्ज्ञांनी वर्षानुवर्षं म्हटलं. निरीक्षण खरं ठरलं. त्या थराला आज रामदास थर म्हणतात, आणि त्याच्या कारणांचा अभ्यास पुढं अनेक दशकं चालू राहिला. पौडपासून तासाभराच्या अंतरावर, साध्या तापमापकांनी आणि चिकाटीनं झालेलं हे काम आहे. शाळेतल्या मुलांनी आपला मोजमापाचा वारसा इथून घ्यावा. अण्णा मणी यांचं नावही याच जागेशी जोडलेलं आहे. १९४८ मध्ये त्या पुण्याच्या उपकरण विभागात आल्या आणि हवामानाची उपकरणं देशातच तयार व्हावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित करून घेतले. परदेशी तापमापकावर आणि परदेशी आर्द्रतामापकावर आपण अवलंबून राहू नये, या ध्यासाचं ते फळ होतं.

हवामान खात्याची ती पेटी अनेकांनी पाहिली असेल. पायांवर उभी, पांढरी, झडपांच्या भिंतींची. दीपगृहं बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं ती एकोणिसाव्या शतकात योजली. आत चार तापमापक असतात: कोरडा, ओला, कमाल आणि किमान. ऊन थेट पडू नये, वारा खेळता राहावा, भिंत-झाड-डांबर यांचा परिणाम होऊ नये म्हणून ती मोकळ्या हिरवळीवर ठेवतात. प्रदेशाची हवा कळावी म्हणून जागेचे स्वभाव जाणूनबुजून वगळायचे, असं तिचं तत्त्व आहे. आपल्याला नेमके तेच स्वभाव हवे आहेत. तरीही अशी एक पेटी किंवा तिच्यासारखी सावलीची, हवेशीर जागा आवारात असावी, म्हणजे बाकीच्या सगळ्या नोंदी तिच्याशी ताडून पाहता येतील.

उपकरणं साधी आहेत. एकसारखे दोन तापमापक घ्यावेत आणि एकाच्या फुग्यावर मलमलीचा ओला तुकडा गुंडाळावा. पाणी उडून जाताना फुगा गार होतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त गार. कोरडा ३० अंश आणि ओला २४ अंश दाखवत असेल तर कोष्टकातून आर्द्रता साधारण ६१ टक्के येते. मलमल आधी धुवून खळ काढलेली असावी. पाणी बोअरचं नको, त्यातले क्षार कापडावर बसतात. गॅरेजात बॅटरीसाठी मिळणारं शुद्ध पाणी उत्तम. ओल्या फुग्याला वारा लागलाच पाहिजे, म्हणून पुठ्ठ्यानं दोन-तीन मिनिटं जोरात वारा घालावा आणि पारा उतरायचा थांबला की लगेच वाचावा. वाचताना तोंड जवळ नेऊ नये, श्वासानं आकडा बदलतो. पाठ्यपुस्तकांतली कोष्टकं बहुधा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबासाठी असतात आणि पौड-पिरंगुटचा परिसर साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. पण त्यामुळे पडणारा फरक एखाद्या टक्क्याचा, आपल्या कामापुरता तो सोडून देता येईल.

हल्ली काहीशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको. स्वस्त यंत्र तीन ते पाच टक्क्यांनी सहज चुकतं आणि जागा बदलल्यावर स्थिरावायला काही मिनिटं घेतं. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठानं होते, आणि मला हा या सगळ्या उपक्रमातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. वाटीत मीठ घेऊन त्यात थोडंसंच पाणी घालावं, इतकं की मीठ विरघळून संपू नये, ओला लगदा राहावा. ती वाटी आणि यंत्र एका घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवून सहा-आठ तास हलवू नये. लगद्यावरच्या हवेची सापेक्ष आर्द्रता आपोआप ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, आणि तापमान थोडं इकडंतिकडं झालं तरी तिथंच राहते. यंत्र ७९ दाखवत असेल तर ते चार टक्के जास्त सांगतंय हे कळलं. वजा करायचे. प्रयोगशाळांमध्येही हीच पद्धत वापरतात. आता पावसाळ्यातली मिठाची बरणी आठवावी. हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतील तर त्याच्या कितीतरी आधी. जुलैत घरोघरी जे घडतं त्याच्या मुळाशी असलेला हा आकडा मुलांनी स्वतः पाहिलेला असेल.

जागा निवडताना घाई करू नये. मैदान, झाडाची सावली, व्हरांडा, प्रत्येक छपराखालची एक खोली, स्वयंपाकघर, हात धुण्याच्या नळांची जागा, परसबाग, कुंपणापलीकडचं भाताचं खाचर आणि ग्रंथालयाच्या कपाटाच्या आतली हवा, एवढ्या जागा पुरेत. कपाट विसरू नये. सत्तर टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहिलेल्या हवेत पुस्तकांना बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर भिंतीच्या गारव्यानं मागच्या बाजूची आर्द्रता खोलीपेक्षा जास्त निघेल. ते चार बोटं पुढं सरकवून पुन्हा मोजावं. पोषण आहाराच्या तांदळाची पोती कुठं ठेवायची, हेही अशाच मोजणीनं ठरवता येईल. खाचरातली मोजणी शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना लगेच भिडेल. मुळशीचा आंबेमोहोर ज्या करप्यानं जातो, त्या बुरशीला पानावर तासन्‌तास टिकलेली ओल आणि दमट, ढगाळ हवा लागते. बांधावर उभं राहून छातीच्या उंचीवर मोजलेली आर्द्रता आणि रोपांच्या आत वीतभर उंचीवर मोजलेली आर्द्रता यांतला फरक पाहिला, की बांधावर सारं ठीक दिसत असताना आत रोग कसा धरतो ते उमगतं. रामदासांनी उसात नि ज्वारीत शिरून मोजायचा आग्रह का धरला असेल, तेही.

वेळेचा प्रश्न सगळ्यात अवघड. एकच यंत्र घेऊन नऊ जागा फिरायला तास जातो, आणि त्या तासात सगळ्या आवाराची हवाच बदललेली असते. शेवटची जागा पहिलीपेक्षा कोरडी निघाली, तर ती जागेमुळे की वेळेमुळे? यावर दोन उपाय. यंत्रं पुरेशी असतील तर एकेका जागी एकेक गट उभा करून घंटेच्या ठोक्याला एकदम वाचावं, मात्र आधी सगळी यंत्रं एकाच टेबलावर अर्धा तास ठेवून त्यांच्यातले आपापसांतले फरक लिहून घ्यावेत. यंत्र एकच असेल तर फेरी जिथून सुरू केली तिथंच संपवावी आणि पहिल्या जागेच्या दोन आकड्यांतला फरक मधल्या नोंदींवर वेळेच्या प्रमाणात वाटून द्यावा. १९९५ पासून अनेक देशांतल्या शाळांमध्ये चालणाऱ्या ‘ग्लोब’ या उपक्रमात स्थानिक मध्यान्हाच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत मोजायचा नियम आहे. मुळशीत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि मुळशी साडेत्र्याहत्तरच्या जवळ. नऊ अंशांची छत्तीस मिनिटं. त्यामुळे इथला मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.२० ला, फेब्रुवारीत १२.५० ला. मधल्या सुट्टीच्या आगेमागे हे सहज बसतं. शिवाय हवामान खातं सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या वेळांना नोंदी घेतं. शाळा सकाळची असेल तर साडेआठची नोंदही घ्यावी, म्हणजे पुण्याच्या आकड्याशी तुलना करता येईल.

शिक्षकांना एक विनंती. नोंदी अपेक्षेप्रमाणे आल्या नाहीत तर मुलांना त्या खोडू देऊ नयेत. स्वयंपाकघरात आर्द्रता सर्वांत जास्त असेल असं सगळ्यांना वाटतं, आणि चुलीच्या उष्णतेनं ती कमीही निघू शकते. नळाजवळ जोराचा वारा असेल तर ओल असूनही आकडा मैदानाइतकाच येईल. ज्या दिवशी पावसाच्या झडीत सगळीकडे ९५ च्या पुढेच आकडे येतील, त्या दिवशीचं ते सारखेपणही लिहून ठेवावं. ढग, वारा, शेवटचा पाऊस कधी पडला, जमीन ओली की सुकी, खोलीत किती मुलं होती, हे चार शब्द प्रत्येक नोंदीशेजारी असावेत. सुट्ट्यांत रिकाम्या राहिलेल्या रकान्यांत अंदाजानं काही भरू नये. वही एका इयत्तेनं पुढच्या इयत्तेकडे सोपवावी, कारण एका वर्षाच्या नोंदी ऋतू दाखवतात आणि दोन पावसाळ्यांतला फरक दाखवायला किमान दोन वर्षं लागतात.

शेवटी एक प्रस्ताव. ताम्हिणीपासून भूगावपर्यंतच्या रस्त्यालगतच्या शाळांनी महिन्यातला एक दिवस ठरवून घ्यावा आणि त्या दिवशी १२ वाजून ३५ मिनिटांनी प्रत्येक शाळेनं तीनच जागा मोजाव्यात: मोकळं मैदान, एका मोठ्या झाडाची सावली आणि एक वर्ग. तापमान आणि आर्द्रता दोन्ही. त्यावरून प्रत्येक ठिकाणी घनमीटरमागे किती ग्रॅम बाष्प होतं ते काढून नकाशावर मांडावं. जलाशयाच्या काठच्या शाळांत मार्च-एप्रिलमध्ये ग्रॅम जास्त निघतात का, की वारा ती वाफ लगेच वाहून नेतो, आणि नेत असेल तर कोणत्या दिशेला, याचं उत्तर त्या नकाशात सापडेल. पहिला दिवस जूनमधला, शाळा उघडल्यानंतरचा धरावा. यंत्रांची मिठाची परीक्षा त्याच्या आदल्या आठवड्यात करून घ्यावी आणि कोणतं यंत्र किती चुकतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावं.